विशेष कामगिरी : निरंक

आमच्या समाजाच्या मंडळाने यंदा बाबांचा ज्येष्ठ म्हणून सत्कार करायचं ठरवलं आणि माहितीचा फॉर्म घरी पाठवला. बाबांनी सावकाश भरला. नाव ओमप्रकाश, शिक्षण आठवी, काम लकडगंजात लाकूड चिरायच्या आरामशीनवर मिस्त्री, सव्वीस वर्षं. 'विशेष कामगिरी' या रकान्यात लिहिलं, 'निरंक'.

माझं डोकंच फिरलं. या रकान्यात लोक काय काय ठोकून देतात ते मला माहीत आहे. गेल्या वर्षी एकाने नातवाची मिहानमधल्या कंपनीतली नोकरी स्वतःच्या नावावर खपवली होती. मी व्हाइटनर लावून लिहिलं, 'काष्ठ उद्योगात भरीव योगदान'. बाबांनी ते वाचलं आणि सत्काराला येणार नाही म्हणून सांगितलं. आईने समजावून पाहिलं, मी रुसून पाहिलं. उपयोग शून्य.

"खोटं आयकत शाल कशी घेऊ वं? मी लाकडं चिरली, बस."

वाईट याचं वाटलं, की त्या रकान्यात लिहायला खरं असं मलाही काही सुचेना. बापाबद्दल लेकीला एक ओळ सुचू नये, याची लाज वाटली.

रविवारी धम्मानंदकाका चहाला आले. ते बाबांच्याच मशीनवर लाकूड धरायचे. फॉर्मचं रामायण मी त्यांना ऐकवलं, तर ते माझ्यावरच उखडले. म्हणाले, रोज सकाळी हा माणूस बटणापाशी उभा राहायचा. एकेकाने पुढे येऊन दोन्ही हात दाखवायचे. अंगठी, मनगटाचा दोरा, लांब बाही, तोंडाला दारूचा वास, काहीही सापडलं की तो माणूस बाहेर. सगळे हात पाहून झाले की मान हलवायची आणि मगच बटण. मालकाच्या भाच्यालाही बाबांनी एकदा बाहेर बसवलं होतं.

"मलेबी बसवलं," काकांनी डावा हात टेबलावर ठेवला. त्याला तीनच बोटं होती. "रागानं दुसऱ्या मशीनवर गेलो. दोन महिन्यांत हे दोन तिथं ठेवून आलो. तुह्या बापाच्या मशीनवर सव्वीस वर्षांत कोणाचं नखबी नाही गेलं."

बाबा बशीतला चहा फुंकत होते. म्हणाले, "मशीन चालू करायच्या आधी पाहाच लागते. त्यात काय मोठं हाय?"

मी पुन्हा व्हाइटनर काढलं. लिहिलं, 'सव्वीस वर्षं आरामशीन चालवली. कोणाचंही बोट गेलं नाही.' बाबांनी ते दोनदा वाचलं. खोटं काही सापडेना, तेव्हा इस्त्रीला शर्ट काढून दिला.

सत्काराच्या दिवशी निवेदकाने ती ओळ वाचली. टाळ्या पडणार, तेवढ्यात शेवटच्या रांगेत धम्मानंदकाका उभे राहिले. त्यांच्यासोबत मशीनवरचे आणखी चौघे. पाचही जणांनी दोन्ही हात पुढे केले, तळवे वर.

अध्यक्ष शाल धरून ताटकळले. बाबांनी सवयीने एकेकाचे हात पाहिले, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत. काकांच्या हातापाशी जरा जास्त वेळ थांबले.

मग मान हलवली आणि शालीसाठी खांदे पुढे केले.