घाबरू नका म्हणणाऱ्या भिश्त्याची पखाल

मी एक जुनी पखाल आहे. पखाल म्हणजे रेड्याच्या पाठीवरून पाणी वाहून नेणारी चामड्याची भलीमोठी पिशवी. 'दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला' ही म्हण तुम्ही ऐकली असेल, मित्रांनो. आजारी एक आणि चटका दुसऱ्यालाच! हा अन्याय माझ्याइतका कोणाला कळणार?

एका चांभाराने मला घडवले. कातडे चुन्यात भिजवले, झाडांच्या सालींच्या पाण्यात मुरवले आणि असे घट्ट शिवले की थेंबही गळू नये. मग फौजेला पाणी पुरवणाऱ्या एका भिश्त्याने मला विकत घेतले. माणूस लाख मोलाचा, पण जिभेला हाड नाही. "घाबरू नका, मी आहे ना!" हे त्याचे पालुपद. जखमी शिपायाला, बिथरलेल्या घोड्याला, एवढेच काय, आमच्या रेड्यालाही तो हेच सांगे, आणि तेही अहो-जाहो करून.

फौज निघाली तेव्हा फौजेबरोबरच्या काझींनी, म्हणजे न्यायाधीशांनी, सर्वांना बजावले होते, "बायकामुलं, म्हातारेकोतारे, मठातले साधू, शेतात राबणारे, कोणावरही हात उचलायचा नाही. फळझाड तोडायचं नाही. आपलं भांडण लढणाऱ्यांशी आहे." मला ते फार पटले. पखालीला डाग द्यायचा नाही, एवढाच त्याचा अर्थ.

पुढे आम्ही तटबंदीच्या एका गावाला वेढा घातला. गावाबाहेरची विहीर आमच्या ताब्यात होती आणि तिचा दोर शिपायांनी काढून नेला होता. एका पहाटे भिश्ती आपला दोर आणि पोहरा घेऊन मला भरायला गेला. पाहतो तर काय, गावातून चोरून बाहेर आलेल्या काही बायका, मुले आणि एक म्हातारी रिकाम्या घागरी घेऊन विहिरीत डोकावत उभी! आम्हाला पाहताच सगळी पळायला वळली. भिश्त्याच्या तोंडून सवयीने निघून गेले, "घाबरू नका, मी आहे ना! पाणी देतो." ती थांबली. त्याने पोहरा सोडला आणि माझ्याआधी त्यांच्या घागरी भरायला घेतल्या. तेवढ्यात गस्तीच्या शिपायांनी सर्वांना घेरले.

एक तरुण सरदार भलताच खूश झाला. "आयते हाती लागलेत! छावणीत डांबून ठेवू. आपली माणसं सोडवायला गाव मुकाट्यानं दरवाजा उघडेल."

सेनापती विचारात पडला. शिधा संपत आला होता. वेढा लांबला तर त्याचीच माणसे उपाशी राहणार होती. त्याने काझींना बोलावले.

काझींनी भिश्त्याला विचारले, "तुला पाहून ही पळाली कशी नाहीत? तू यांना काय म्हणालास? खरं सांग."

शत्रूच्या माणसांना परस्पर पाणी दिले, आता आपली धडगत नाही, असे भिश्त्याला वाटले. काही बोललोच नाही म्हटले असते, तर कदाचित सुटलाही असता. पण म्हातारी त्याच्याकडेच बघत होती.

"घाबरू नका, असं म्हणालो," तो पुटपुटला. "जीभ घसरली, साहेब. मी रेड्यालासुद्धा हेच म्हणतो."

सरदार खो खो हसला. काझी हसले नाहीत.

"मग हे अमान झालं, अभयवचन झालं," ते म्हणाले. "आपल्यातल्या एकानं दिलं की सगळ्यांनी दिलं. चुकून दिलं, तरी ज्यांनी विश्वास ठेवला त्यांना सुखरूप परत पोचवायचं."

"एका भिश्त्याच्या शब्दापायी वेढा वाया घालवायचा?" सरदार उसळला.

"सेनापतींनी शब्द दिला असता तर?"

"तर पाळावाच लागला असता."

"मग हाही पाळायचा. तराजू तोच आहे."

सेनापती उठला. "घागरी भरून द्या त्यांच्या. आणि ज्यानं शब्द दिला, तोच दरवाजापर्यंत सोडायला जाईल."

आम्ही निघालो. तटावरून आमच्यावर बाण रोखलेले. भिश्ती रेड्याच्या आडोशाने चालू लागला, त्याचे नेहमीचे पालुपदही त्याला आठवेना. तेव्हा ती म्हातारी त्याच्या पुढे येऊन चालू लागली. मान वळवून म्हणाली, "घाबरू नका. मी आहे ना." एकही बाण सुटला नाही.

थोड्याच दिवसांत गावाने बोलणी करायला माणसे पाठवली. अट एकच होती, तो भिश्ती मध्ये उभा असला पाहिजे. तह झाला आणि वेढा उठला. त्या दिवशी मला फुलांची माळ घातली होती. रेड्याने ती खाल्ली, ती गोष्ट वेगळी.

आता घरोघरी नळ आले. भिश्त्याच्या वंशजांच्या घरी मी खुंटीला लटकते आहे, सुकलेली, सुरकुतलेली. घरातली धाकटी नात संध्याकाळी माझी सावली पाहून रडते. मग आजोबा म्हणतात, "घाबरू नकोस, मी आहे ना." आणि हातातले काम टाकून तिच्याजवळ बसतात. या घरचा नियमच आहे, हे शब्द ज्याने उच्चारले त्याने भीती जाईपर्यंत जागचे हलायचे नाही.

मित्रांनो, जमलेच तर मला अधूनमधून तेल लावा, नाहीतर मी तडकेन. आणि कोणाला 'घाबरू नका' म्हणालात, तर लगेच उठून जाऊ नका.