उताराच्या उलट

बीडच्या बसस्थानकामागे उत्तरेश्वरचा गाळा होता. एक कॉम्प्युटर, एक मोठं छपाईचं मशीन आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या नकाशांच्या गुंडाळ्या. गोदाम, डाळमिल, जिनिंग, दूध केंद्र, म्हणाल त्याचा नकाशा तो दोन दिवसांत काढून द्यायचा. माल कुठून आत येणार, कुठे शिजणार, कुठून बाहेर पडणार, सांडपाणी कुठे जाणार, हे सगळं तो खुर्चीत बसून ठरवायचा. जागेवर जायची पद्धत नव्हती. कुणी नेतही नसे.

पाटोद्याच्या पलीकडे डोंगराच्या अंगाला एक गाव आहे. तिथल्या दूध उत्पादकांच्या गटाला खव्याचा कारखाना काढायचा होता. गटाचे अध्यक्ष सुंदरराव स्वतः गाळ्यावर आले. उत्तरेश्वरकडे दिंद्रुडकडच्या एका कामाचा नकाशा तयारच होता. पश्चिमेला दार, दाराशी दूध घ्यायची खोली, मधे कढयांचा हॉल, त्यापुढे खवा बांधायची खोली आणि पूर्वेच्या टोकाला डबे धुवायची जागा अन् संडास.

सुंदररावांनी नकाशा पाहिला. "समदं झ्याक हाय. फक्त दार पूर्वेला पायजे. अन् दारातच माझी केबिन."

उत्तरेश्वरनं एक कळ दाबली. आरशात दिसावा तसा सगळा नकाशा उलटा झाला. दार पूर्वेला आलं, त्याच्यामागोमाग दुधाची खोली आली, आणि धुण्याची जागा व संडास पश्चिमेच्या टोकाला गेले. गटारीचे बाणसुद्धा उलटे फिरले. दारालगत त्यानं केबिनचा चौकोन बसवला. चहा येईपर्यंत चार प्रती छापून झाल्या. सुंदररावांनी त्याच्या खांद्यावर थाप मारली आणि ते गेले.

कारखाना सुरू होऊन चार महिने झाल्यावर जमीलचा फोन आला. जमील पाटोद्याचा मेकॅनिक. तिथल्या कढया, मोटारी आणि शेगड्या त्यानंच बसवल्या होत्या.

"सायेब, एकदा येऊन बघा."

"काय झालं?"

"फोनवर सांगण्यासारखं न्हाई. अन् नाष्टा करून येऊ नका."

उत्तरेश्वरला ते चेष्टेत घ्यावंसं वाटलं. तो मिसळ खाऊनच निघाला.

गावाच्या अलीकडे, रस्ता वळतो तिथेच वास आला. आधी नासलेल्या दुधाचा, आंबूस. मग त्याच्याखालून दुसरा, जो ओळखायला कुणाला शिकवावं लागत नाही. कारखान्याचं दार मोठं होतं, वर कमान होती, कमानीवर सुंदररावांचा फोटो. दारातून आत पाय टाकला आणि चप्पल पचकन बुडाली.

दूध घ्यायच्या खोलीत घोट्याइतकं पाणी होतं. पाणी तरी कसं म्हणावं. त्यावर पिवळसर साय धरली होती, आणि ती सायही हलत होती. उत्तरेश्वरनं वाकून पाहिलं. अळ्या होत्या. पांढऱ्या, तांदळासारख्या, एकमेकींवर चढणाऱ्या. भिंतीला कमरेएवढ्या उंचीपर्यंत माश्या बसल्या होत्या, इतक्या की चुना दिसत नव्हता. त्या घाणीत दोन विटा ठेवून, त्यांवर उभ्या राहून बाया दुधाचे डबे ओतत होत्या. प्रत्येकीच्या तोंडात पदराचं टोक.

जमील दाराशी उभा होता. "संडासाचं, डबे धुतलेलं, समदं पाणी हितं येतंय. खवा बांधायच्या खोलीखालून, कढयांच्या खालून. मी फरशी उचकटून बघितली. तिथं याच्यापेक्षा जास्त अळ्या हायत."

"गटार तर पश्चिमेला काढलीय. नकाशात बाण आहे."

"बाण हाय," जमील म्हणाला. "उतार न्हाई."

विटेवरची एक बाई खाली उतरली. चपला हातात, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली. ती चतुराबाई. तिची आणि तिचा नवरा म्हाळू याची शेरडं अन् चार म्हशी होत्या. गटातलं सगळ्यात जास्त दूध तिचं.

"हे तुमी काढलं व्हय?" तिनं विचारलं.

"हो."

"ह्या माळाचं पाणी उगवतीला वढ्याकडं जातं. माझी शेरडं हितं चरत्यात, मला ठावं हाय. पाया खणताना गवंड्याला म्हनलं, बाबा, हगायची जागा वर अन् दुधाची खाली, ह्ये कसं? तो म्हनला, कागदात तसंच हाय." ती थोडं थांबली. "तुमी एकदा तरी आलतात का हितं?"

उत्तरेश्वर बुडालेली चप्पल ओढून काढू लागला.

एवढ्यात सुंदररावांनी केबिनमधून हाक मारली. केबिनला दोन पायऱ्यांची उंची दिलेली होती. आत पंखा, काचेचं टेबल, उदबत्ती. उदबत्तीचा गोड वास त्या घाणीच्या वासात मिसळून आणखीच ओंगळ झाला होता. सुंदररावांनी ताज्या खव्याची प्लेट पुढे सरकवली. खव्यात एक माशी रुतली होती, पाय हलत होते. त्यांनी करंगळीच्या नखानं ती उचलली, टिचकीनं उडवली, बोट खुर्चीच्या टॉवेलला पुसलं.

"घ्या, घ्या. खास पाटोद्याचा माल."

"नको."

"बरं ऐका. पुढच्या हप्त्यात तपासणीवाले साहेब यायलेत. तुमी नवा नकाशा काढा. गटार मागून, बाहेरून गेल्याली दाखवा. संडास वेगळं दाखवा. हितं आमी फरश्या टाकून फिनाईल मारतो. साहेब कागद बघतेत, खाली वाकत न्हाईत."

उत्तरेश्वरला हे बोलणं नवीन नव्हतं. कागदावर खिडक्या, कागदावर आग विझवायच्या बादल्या, कागदावर हात धुवायची बेसिनं त्यानं कितीदा काढून दिली होती. प्रत्येक वेळी ती एक रेघ असायची. आता त्या रेघेतून अळ्या वर येत होत्या आणि हा माणूस तिच्यावर आणखी एक रेघ मारायला सांगत होता.

"हा खवा जातो कुठं?" त्यानं विचारलं.

"बीड, नगर. पेढेवाल्यांकडं. पार देवळापुढल्या दुकानांत जातो की."

उत्तरेश्वर उठला. दोन पायऱ्या उतरेपर्यंत त्यानं दम धरला. मग भिंतीला हात टेकून त्यानं सकाळची मिसळ ओकून टाकली. चतुराबाईनं आपल्या पिशवीतली प्लॅस्टिकची बाटली त्याच्या पुढे धरली.

"घरचं हाय. हितल्या बोअरचं आमी कुनी पीत न्हाई."

"बोअर कुठंय?"

तिनं बोट दाखवलं. बोअर दारापाशी होतं, सगळ्यात खाली. त्याच पाण्यानं डबे धुतले जात होते, कढया धुतल्या जात होत्या.

तिथून निघून जाणं सोपं होतं. गाडी बाहेरच उभी होती. पण त्या बाईनं विचारलेल्या प्रश्नाला त्यानं अजून उत्तर दिलेलं नव्हतं, आणि ते त्याला टोचत होतं. त्यानं जमीलला पारदर्शक नळी आणायला सांगितली, गवंडी लेव्हल बघायला वापरतात तशी. नळीत पाणी भरलं. एक टोक जमीलनं संडासाच्या भिंतीला धरलं, दुसरं उत्तरेश्वरनं दाराला. बाया डबे ठेवून गोळा झाल्या. दोन्हीकडे पाण्याच्या पातळीवर खुणा करून त्यांनी जमिनीपर्यंत टेप लावला. दाराकडची जमीन पावणेतीन फूट खाली होती.

"म्हणजे बघा," उत्तरेश्वर बायांना म्हणाला, "तिकडचा संडासाचा खड्डा मुरतो तो इकडं. तुमच्या पायात, बोअरमध्ये, तिथून कढईत. चूक माझी आहे. मी जमीन न बघता नकाशा उलटा केला. आता फिनाईलनं काही होणार नाही."

एक तरुण बाई, संगीता, पुटपुटली, "माझी लेक ह्योच खवा खाती."

सुंदरराव पायरीवर आले. "काय सभा भरवली का, उत्तरेश्वरराव? तुमी न्हाई काढला तर बीडात दुसरे पन्नास हायत. संध्याकाळपतोर नकाशा मिळतो."

ते खरंच होतं.

उत्तर चतुराबाईनं दिलं. ती विटेवर चढली, ओतायचा राहिलेला डबा उचलून डोक्यावर घेतला आणि म्हणाली, "मग त्या पन्नासायचंच दूध घाला कढईत." ती दारातून बाहेर पडली. तिच्यामागून संगीता, मग बाकीच्या. पाण्यात पचपच आवाज करत चौदा बाया निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात दूध आलं नाही. तिसऱ्याही नाही. बाया रस्त्यावर उभ्या राहून खाजगी गाडीला दूध घालू लागल्या. भाव कमी होता तरी. चौथ्या दिवशी जमीलनं सांगितलं की रिकाम्या कढयांपुढे अध्यक्ष एकटे बसतात आणि माश्या आता केबिनमध्ये शिरल्यात. पाचव्या दिवशी सुंदररावांचा फोन आला.

"काय करायचं ते करा. पर कमान ऱ्हाऊ द्या."

यावेळी उत्तरेश्वर कॉम्प्युटरपुढे बसला नाही. चुन्याची फक्की घेऊन तो माळावर गेला. चतुराबाईला त्यानं रिकामा डबा घेऊन चालायला लावलं. ती जिथून आली, जिथे थांबली, जिथे वळली, तिथे तो फक्की टाकत गेला. पश्चिमेकडून नवं दार फोडायचं. संडास पाडायचे, खड्डा उपसून भरायचा, तो कोपरा सरपणाला. खवा बांधायच्या खोलीत दूध घ्यायचं, कढया जागच्या जागी, आणि जुन्या दुधाच्या खोलीची फरशी फोडून, धुऊन, वाळवून तिथे बांधणी. डबे धुवायची जागा सगळ्यात खाली.

"म्हंजी कुठं?" सुंदररावांनी विचारलं.

"तुमच्या केबिनमध्ये. संडास कमानीच्या पलीकडे. आणि बोअर नवं, वरच्या अंगाला."

सुंदरराव लालबुंद झाले. बाया पदरात तोंड घालून हसल्या. जमीलनं मान फिरवली. पण दूध यायचं होतं, आणि ते एवढ्यावरच अडलं होतं.

तपासणी पुढे ढकलून घेतली आणि काम दीड महिना चाललं. फरशी उचकटली त्या दिवशी गवंडी दोनदा काम सोडून पळाले. जुना खवा खड्ड्यात पुरला. गावातली कुत्री तो उकरायला येत, म्हणून वर दगड टाकावे लागले. नव्या बोअरचं पाणी तपासून आलं तेव्हा कुठे बायांनी डबे आणले.

पुन्हा सुरुवात झाली त्या दिवशी सुंदररावांनी भाषण केलं. ही नवी रचना आपल्याला पूजेला बसलो असताना सुचली, असं ते म्हणाले. टाळ्या झाल्या. विकल्या गेलेल्या मालाबद्दल कुणी अक्षर काढलं नाही. उत्तरेश्वरला शाल द्यायला बोलावलं तेव्हा तो मागच्या मागे निघून गाडीपाशी आला होता. चतुराबाई तिथे डबे चढवत होती. ती म्हणाली, "सायेब, त्यांच्यावर का म्हून चिडता? तुमचे कागद तुमी बघा."

गाळ्यावर येऊन त्यानं कॉम्प्युटर लावला. जुन्या फायली एकेक करून उघडल्या आणि आरशात फिरवलेले नकाशे वेगळे काढले. जेवायची इच्छा नव्हतीच. दुपार टळेपर्यंत अकरा निघाले. पहिला उमापूरकडच्या एका डाळमिलचा होता. त्यानं नंबर शोधून फोन लावला. मालक बंकटनं उचलला.

"बंकटराव, मी नकाशेवाला उत्तरेश्वर. तुमच्या मिलमधलं धुतलेल्या डाळीचं पाणी कुठं जातं?"

बंकट मोठ्यानं हसला.

"का म्हून? वास बीडपतोर आला का?"