माझ्या अंगावरची तपकिरी रेघ

मित्रांनो, मी कळव्यातल्या एका घराच्या कोनाड्यात पडून असलेली जुनी सहाण आहे. तळहाताएवढी, काळी, मधे झिजून खोलगट झालेली. शेजारच्या पाट्याचा तोरा मोठा, कारण घरभराचं वाटण त्याच्यावर होतं. पण तान्ह्या बाळाच्या पोटात काय जातं, ते त्याला कुठलं ठाऊक? ते मला ठाऊक असतं. बोलता मात्र येत नाही, आणि त्यापायी एकदा माझा जीव टांगणीला लागला होता. तीच गोष्ट सांगते.

आगगाडीच्या रस्त्यासाठी डोंगर फोडला, तेव्हाच्या उरल्यासुरल्या तुकड्यातून एका पाथरवटानं मला घडवलं. कल्याणच्या बाजारात तुळसाच्या आईनं मला दहादा उलटसुलट करून पाहिलं, नाक मुरडलं आणि मगच घेतलं. तुळसाला मुलगा झाला, भिवा, तेव्हा बाळंतविड्याबरोबर मी या घरी आले. रोज सकाळी तुळसा मला धुऊन माझ्यावर गुटी उगाळायची. वेखंडाचा एक वेढा, हळकुंडाचे दोन, जायफळाचा जेमतेम अर्धा. भिवा तोंड वाकडं करायचा, तुळसा हसायची. फार सुखाचे दिवस होते ते.

पौष लागला आणि मिठागरं सुरू झाली. तुळसा आणि तिचा नवरा धाकू, दोघंही मीठ वाहणारी माणसं. सासू आदल्याच वर्षी वारली होती. आठ महिन्यांचं पोर खाऱ्या वाऱ्यात, उन्हात न्यावं तर त्याच्या अंगाची सालं निघायची. न जावं, तर मुकादम तिची जागा दुसरीला द्यायला टपलेला. पोर ठेवायचं कुणाकडे?

आळीतल्या दोघी तयार झाल्या. तुळसानं दोघींना एकेक दिवस पारखायचं ठरवलं. पहिल्या दिवशी भिवा हौसाबाईच्या घरी गेला. या बाईचा आवाज असा, की खाडीपलीकडची माणसं वळून बघतील. संध्याकाळी तुळसा आली तेव्हा भिवाचं नाक वाहत होतं, गुडघे मातीनं भरले होते आणि घसा बसला होता.

"दिसभर ररला," भिवाच्या रडण्याची नक्कल करत हौसाबाई म्हणाली. "आय नाय दिसली तं पोर ररनारच गो! रांगला, परला, परत ररला. पेज मातर वाटीभर खाल्लीन."

दुसऱ्या दिवशी भिवा कलावतीकडे होता. संध्याकाळी पाहावं तर तेल लावलेलं, काजळ घातलेलं आणि झोळीत गाढ निजलेलं पोर. "जरासुदीक ररला नाय," कलावती हळूच म्हणाली. तुळसानं तिलाच ठरवलं. खरं सांगते, मीही तिलाच ठरवलं असतं.

कलावती आमच्या घरी येऊ लागली. पहिल्याच सकाळी, तुळसाची पाठ वळताच, तिनं पदराची गाठ सोडून एक तपकिरी गोळी काढली आणि माझ्यावर फिरवली. एकच वेढा. कडू जहर! ती अफू होती, मित्रांनो. गुळाच्या पाण्यातून तिनं ती भिवाला चाटवली. तो निजला, आणि ही आळीतल्या लोकांचं भात सडायला बसली. संध्याकाळी ओला हात माझ्यावरून फिरवला की झालं.

महिन्याभरात एकाचे दोन वेढे झाले. भिवाच्या मांड्या सुकल्या. तो दूध ओढीना. "कुनाची तरी नजर लागली," म्हणत तुळसा मीठ-मिरच्या ओवाळायची आणि मी हातभर अंतरावरच्या कोनाड्यात तळमळायची. एकदा वाटलं, खाली पडावं, फुटावं, म्हणजे तरी ही बया थांबेल. पण दगडाला पडायलाही कुणीतरी ढकलावं लागतं.

एके दिवशी कलावतीनं अडीच वेढे उगाळले. त्या दुपारी मिठागरावर तुळसाच्या छातीला दूध दाटून ठणका लागला, चोळी भिजली. डोक्यावरची टोपली तशीच टाकून ती घरी पळत आली.

"निजू दे गो, आताच निजलाय," कलावती दारातच म्हणाली.

तुळसानं भिवाला उचललं. मान लुळी पडली. तिनं हाक मारली, गदागदा हलवलं, पण डोळे उघडेनात. तिची किंकाळी ऐकून हौसाबाई धावत आली. तिनं भिवाची पापणी वर केली, ओठ हुंगले, मग नजर घरभर फिरवली आणि सरळ मला उचललं. मधल्या खळग्यात तपकिरी रेघ होती. तिनं ती जिभेला लावली आणि थुंकली.

"तुलसा, ही गुटी नाय. आफू हाय!"

मग सुरू झाली झुंज. गार पाण्याचे हबके, तळपायांवर चापट्या. एक दमली की दुसरी त्याला खांद्यावर घेऊन अंगणात फेऱ्या मारी. श्वास मधेच थांबे, तिघींचेही थांबत. हो, तिघींचे. कलावती दाराशी बसून कपाळ बडवत होती. "माज्या आयनं मनाबी हीच दिलती गो, मी काय मेलू?" तिला खरोखरच कळलं नव्हतं. पण त्यानं माझा राग गेला नाही, आणि आजही गेलेला नाही.

"रर रे बाबा," तुळसा म्हणत होती. "एकदा तरी रर!"

दिवेलागणीला भिवानं ओठ काढले. आधी कण्हल्यासारखं, मग हळूहळू सूर चढत, शेवटी त्यानं असा टाहो फोडला की आळीतली माणसं दारात आली. तुळसा त्याला छातीशी धरून मटकन खाली बसली आणि त्याच्याहून मोठ्यानं रडू लागली.

कलावती पुन्हा आली नाही. भिवा हौसाबाईकडे राहिला, हंगामभर रडला, पडला, पेज ओरपून गुटगुटीत झाला. आता त्याला मिशा आल्या आहेत. तुळसानं मला राखेनं घासलं, मिठानं घासलं, पण ती रेघ गेली नाही. कामाला जाणारी एखादी नवी आई विचारायला आली, पोर ठेवू कुणाकडे, की तुळसा मला कोनाड्यातून काढते आणि तिच्या हातात देते.

मित्रांनो, मला धुऊन जपून ठेवा, एवढीच माझी विनवणी. आणि धुण्याआधी, रोज एकदा, माझ्याकडे नीट बघा.