शिंगरू की शिकलेला

हे लिहिणारच नव्हतो. दोनदा टाइप केलं, दोनदा उडवलं. प्रणित बोलला, लिही, नायतर लोक त्यांच्या मनाचं सांगतात.

प्रणित आमच्या विचुंबे गावचा. त्यांच्याकडं लग्नाची घोडी होती. नवरदेव बसवायचा, वरात काढायची, घर त्यावर चालायचं. दिवाळीआधी घोडी मेली. मागं राहिलं तिचं शिंगरू. त्याच्यावर नवरा बसवायला अजून दोन-तीन वर्षं तरी जाणार.

काळूरामकाका, प्रणितचा बाप, गवत टाकत बोलला, "शिंगरू इकू. माथेरानशी शिकलेला घोडा आनू. तुलशीचा लगीन झाला का वराती चालू."

"शिंगरू मी वाढवीन," प्रणित बोलला.

"आन तवर नवऱ्याला खांद्यावर नेशील?"

"नेल तो," मैनाकाकी चुलीपासून बोलली. "खातो तर घोड्यासारखाच."

मला काकाचं पटलं. तसं बोललो. प्रणित दिवसभर माझ्याशी बोलला नाय.

घोडा देणारा माथेरानवाला माणूस भला. बोलला, एक वरात करून बघा, पटला तर ठेवा. घोडा पांढरा, शांत. समोर फटाक्याची माळ फुटली, त्यानं कान नाय हलवला. नव्या जावयाकडं बघावं तसा काका त्याच्याकडं बघत होता.

वरात खांदा कॉलनीत. नवरा आर्यन, बँकेत कामाला. बेंजो वाजला, घोडा निघाला. नवऱ्याच्या मावशीनं मोबाईल वर धरला. घोडा थांबला. मान वळवून तोंड कॅमेऱ्याकडं केलं. मावशी खूश. मोबाईल खाली, घोडा चालू. मग नवऱ्याच्या मामानं मोबाईल वर धरला. घोडा थांबला.

माथेरानला पॉइंटा-पॉइंटावर त्यानं हेच केलेलं. पाठीवरच्या पाहुण्याचा फोटो निघेपर्यंत उभं राहायचं. वरातीत तर झाडून सगळ्यांकडं मोबाईल.

"गाडी गरम झाली काय रे?" बेंजोवाल्यांतला एक प्रणितला बोलला.

काका हात जोडत फिरत होता. "मोबाईल खिशात घाला, बाबांनो."

"अहो काका, मग शूट कोण करणार?" नवऱ्याची बहीण बोलली. "मी लाइव्ह आहे."

हॉल समोर दिसत होता. भटजीचा फोन आला, मुहूर्त टळतोय. शेवटी आर्यन उतरला आणि फेटा धरून चालत गेला. रिकामा घोडा मागून झपाझप आला. त्याचा फोटो कोन काढत नव्हता.

सकाळी घोडा परत गेला. काका बोलला, "दुसरा शिकलेला बघू."

"बघा. पन तो काय शिकून आलाय ते वरातीतच कललं," प्रणित बोलला. "या शिंगराला काय येतं ते मला ठाव हाय. काय बी येत नाय."

काका बोलला, "आन तवर खायचा काय?"

"उलव्याला डंपरवर कामाला जातो. डंपरवाल्यांशी बोललोय."

मैनाकाकीचा हात पिठात तसाच राहिला. "वरातीत मिरवनारा पोर तू. धूल खाशील?"

"खाईन."

प्रणित अंधारात जाणार, अंधारात येणार. काकाच्या गुडघ्याला रोज लांब चालणं झेपत नाय, मग शिंगराला फिरवणार कोण? आणि ते दावणीलाच राहिलं तर माणसं, गाड्या, बेंजो बघून बुजणार. बुजणाऱ्या घोड्यावर नवरा कोन बसवल? प्रणितला हे ठाऊक होतं. तो मला काय बोलला नाय, म्हणून मीच बोललो.

"उद्यापासून मी फिरवतो त्याला."

"चावतं ते."

"चावू दे. बाजारात नेईन, हायवेला नेईन, बेंजोच्या प्रॅक्टिसला बांधीन. तू त्याच्यावर पयला नवरा बसवशील ना, तवर एक दिस चुकवनार नाय."