फुंकरबाबांचा अंगठा

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. मंचावर फुंकरबाबा, आणि त्यांच्यापुढे हात पसरून बसलेल्या शिवणवाल्या बाई. तीन महिने बाईंच्या अंगावर, अगदी तोंडातही, फोड येत होते. फुटत होते आणि भरायचं नाव घेत नव्हते. सुई धरली तरी जीव जाई.

फोडाशेजारची धडधाकट कातडी बाबांनी सगळ्यांना दाखवली. तिच्यावर फुंकर मारली, अंगठा दाबून फिरवला. कातडी ओल्या कागदासारखी सरकली. बाई कळवळल्या, लोकांनी हात जोडले.

"शाप आहे. अंगठ्याला भिऊन पळतोय, बघा," बाबा म्हणाले. "घरात आधी कुणाला होता?"

"मावशीला," बाई पुटपुटल्या.

"सात पिढ्यांचा दिसतो. पुढं मुलीवर जाणार. ही मंतरलेली पूड घ्या, आणि डॉक्टरची पायरी चढायची नाही."

महिन्याभरात फोड सुकले. बाई पुन्हा मशीनवर बसल्या. गाव तर वेडंच व्हायचं बाकी राहिलं. फक्त मुलीनं ठरलेलं लग्न थांबवलं. "शाप घेऊन कुणाच्या घरी जाऊ?" एवढंच ती म्हणाली. बाबांनी तिच्यासाठीही पूड काढून ठेवली होती.

त्याच आठवड्यात बाईंची नणंद पाहुणी आली. औषधाचं दुकान चालवणारी, जिभेला धार असलेली. भावजयीकडं बघून तिनं पिशवी खालीच ठेवली नाही.

"वहिनी, चेहरा पुनवेच्या चंद्रासारखा गोल झालाय. तहान फार लागते का?"

"घागरभर पाणी पिते. बाबा म्हणतात, शाप धुतला जातोय."

"साखर वाढली असेल. चला, डॉक्टरकडं."

"वन्सं, माझे फोड गेले ना?"

"गेले. कशानं गेले ते बघू. मुलीला ती पूड देण्याआधी एवढं तर कराल?"

मुलीचं नाव निघाल्यावर बाई उठल्या.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी साखर तपासली. ती दुप्पट होती. कातडीचा इवलासा तुकडा तपासायला घेतला. पूड प्रयोगशाळेत पाठवली. अहवाल आला: खडूची भुकटी आणि तिच्यात कुटलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या.

"मग आजच बंद करते," बाई म्हणाल्या.

"नको. फोड ह्यानंच दबले आणि साखरही ह्यानंच वाढली, पण एकदम बंद केलंत तर जिवावर बेतेल. हेच औषध मोजून देऊ, जोडीला दुसरं, आणि हळूहळू उतरवू." डॉक्टरीणबाईंनी बाईंच्या झंपराची शिवण बोटानं दाखवली. "कातडीच्या पेशी अशाच टाक्यांनी जोडलेल्या असतात. तपासलेल्या तुकड्यात दिसलं, रोगाशी लढणारे तुमच्या शरीराचे पहारेकरीच शत्रू समजून ते टाके उसवतायत."

"मावशीकडून आलं का?"

"आजार नाही, त्याच्याकडं झुकणारी प्रकृती आली असेल. तशी प्रकृती असलेल्या बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही. तो संसर्गानंही पसरत नाही. मुलीला खुशाल लग्न करू दे."

पुढच्या सभेत नणंद सरळ मंचावर चढली. मागोमाग बाई.

"बाबा, ही अंगठ्याची युक्ती डॉक्टरांच्या पुस्तकात आहे," नणंद म्हणाली. "टाके उसवले की कातडी कुणाच्याही अंगठ्यानं सरकते. तुमचा अंगठा कशाला हवा?"

"जिथं विज्ञान संपतं, तिथं माझी फुंकर सुरू होते, बाळ."

"तुमची फुंकर औषधाच्या दुकानाच्या मागच्या दारापासून सुरू होते. हा घ्या अहवाल."

तिनं तो मोठ्यानं वाचला. बाबांनी डोळे मिटून समाधी लावली, पण एक डोळा दाराकडं उघडा होता. ते उठले तेव्हा दारात नणंदेनं बोलावलेला हवालदार उभा होता. बाबांनी सवयीनं त्याच्यावरही फुंकर मारली. हवालदार काही सरकला नाही.

मग कुणीतरी विचारलं, "बाई, पण तुम्हाला गुण आला होता ना?"

बाई पुढं झाल्या. "आला. गोळीनं आला. फुंकर मारून गोळी दिली की श्रेय फुंकरीला जातं. मी मोठी माणूस, मला हे सुचलं नाही, आणि माझी पोर लग्न थांबवून बसली. ज्यांनी ज्यांनी ही पूड घेतली, त्यांनी ती टाकू नका आणि लपवूही नका. उद्या सकाळी पुडीसकट दवाखान्यात या. मीही तिथंच असेन. आजार घराण्यात असला म्हणून घराण्यानं पाप केलं असं होत नाही. शापावर औषध नसतं. आजारावर असतं, ते विचारून घ्या."