भट्टीची लाली

बेकरीवाल्याचा चेहरा बारा महिने लालबुंद. गल्लीतली पोरं त्याला टोमॅटोकाका म्हणायची आणि त्याला त्याचं काही वाटत नसे. भट्टीपुढे उभं राहणाऱ्याची हीच शोभा, असं म्हणून तो उलट गालांवरून हात फिरवायचा. गरम पाण्याने आंघोळ केली की अंगाला खाज सुटायची, ती पिठाची. डोकं जड व्हायचं, ते धगीने. घरात कशालाही कारण हवं असलं की भट्टी होतीच, आणि त्याच्या वडिलांच्या काळापासून हेच चालत आलेलं, मग शंका कोण घेणार?

एका सकाळी पीठ मळता मळता त्याचा उजवा हात लुळा पडला आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलं, तेव्हा मात्र भट्टीचं नाव कुणी काढलं नाही. या वेळी दोष द्यायला बायको होती.

त्याचं असं झालं, की आदल्या संध्याकाळी दोघांचं पीठ मळायच्या मशीनवरून चांगलंच वाजलं होतं. तिला मशीन हवं होतं आणि तो ऐकायला तयार नव्हता. भांडण त्यांच्यात रोजचंच. संसार त्यांनी भांडून भांडूनच गोडीत केला होता. पण त्या दिवशी तिच्या तोंडून निघून गेलं, "हात गळून पडतील तेव्हाच अक्कल येईल तुम्हाला." आणि सकाळी हात पडलाच. पलीकडच्या खोलीतून थोरल्या नणंदेने ते ऐकलं होतं. तुझी जीभ काळी आहे, असं वन्सं काही म्हणाल्या नाहीत. हॉस्पिटलात भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी ते वाक्य फक्त जसंच्या तसं सांगितलं. त्यापेक्षा तोंडावर बोलल्या असत्या तर परवडलं असतं.

तेव्हापासून बायको गप्प झाली. त्याचं अंग पुसायची, उशी सरळ करायची, चमच्याने भरवायची, पण एरवी दुकानाच्या दारापर्यंत ऐकू जाणारा तिचा आवाज कुठे गेला कोण जाणे. त्याच्याकडेही शब्द उरले नव्हते. "हो", "नको" आणि "पाणी", एवढ्यावर भागवायचं. तो तिच्याकडे टक लावून बघत बसायचा आणि ती नजर चुकवायची.

मेंदूच्या रक्तवाहिनीत रक्ताची गुठळी अडकली, एवढं पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण गुठळी झाली कशामुळे, ते शोधायला हवं, नाहीतर असा झटका पुन्हा येऊ शकतो, असं डॉक्टर म्हणाले. म्हणून त्याचं रक्त चिमुकल्या नळ्यांमधून तपासायला जाऊ लागलं. साखर ठीक आली. चरबी ठीक आली. हृदयात आणि मानेतल्या रक्तवाहिन्यांतही खोट निघाली नाही. प्रत्येक चांगल्या रिपोर्टला वन्सं हात जोडायच्या आणि ही मान खाली घालायची. सगळे संशयित एकेक करून सुटत चालले होते आणि आत राहिली होती ती एकटीच.

मग रक्ताच्या विकारांच्या डॉक्टरीणबाई आल्या. रक्तात तांबड्या पेशी जास्त आहेत, हे पहिल्या दिवशीच दिसलं होतं, पण अंगातलं पाणी कमी झालं असेल म्हणून सलाईन लावून सगळे निश्चिंत झाले होते. आकडा मात्र जागचा हलला नव्हता. बाईंनी कागद बाजूला ठेवला आणि त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. चेहरा नेहमी एवढा लाल असतो का, असं विचारलं.

"भट्टीने," बायको आणि वन्सं एका सुरात म्हणाल्या. या आजारपणात दोघींचं पहिल्यांदाच कशावर तरी एकमत झालं.

आंघोळीनंतर खाज? ती पिठाने. डोकं जड? धगीने. बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"आठवडा झाला, हे भट्टीपासून लांब आहेत," त्या म्हणाल्या. "मग ही लाली कुठून येतेय?"

दोघी त्याच्याकडे बघतच राहिल्या. इतकी वर्षं तो चेहरा समोर होता, आणि तो रोज काहीतरी सांगत होता.

आणखी एक तपासणी झाली, आणि तिचं उत्तर यायला बरेच दिवस गेले. आलं तेव्हा बाईंनी खुर्ची ओढून बायकोला समजावून सांगितलं. रक्त हाडांच्या आतल्या मज्जेत तयार होतं. तिथे क्षणाक्षणाला लाखो नव्या पेशी जन्मतात आणि गरजेपुरतं झालं की काम आवरतं घेतलं जातं. ह्यांच्या मज्जेतल्या एका पेशीत कधीतरी बारीकशी चूक झाली. तिला थांब म्हटलेलं कळेनासं झालं, आणि तिच्या लेकी-नातींनाही. रक्त दाट होत गेलं आणि गुठळी झाली. आता गोळ्या द्यायच्या आणि थोडं थोडं रक्त काढत राहायचं.

जास्त यीस्ट पडलं की पीठ कसं भांड्याबाहेर येतं, ते बायकोला ठाऊक होतं. पण ते निदान डोळ्यांना दिसतं. इथे, ती शेजारी झोपलेली असताना, ह्या माणसाच्या हाडाहाडांत रात्रंदिवस एवढा मोठा कारखाना चालू होता आणि त्याचा जराही आवाज नव्हता. तिच्या अंगावर काटा आला. भीतीचा नव्हता तो, देवळात कधीकधी येतो तसा होता. आपलं चिमूटभर भांडण ह्याच्यापुढे केवढंसं!

तरी तिने विचारलंच. वन्संच्या देखत विचारलं. "मी त्यांना हाताबद्दल वाईट बोलले होते. त्याने झालं का हो हे?"

"भांडणाने तेवढ्यापुरता रक्तदाब चढेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण बोलण्याने हाडांतल्या पेशी बदलत नाहीत. हे कित्येक वर्षं आत चालू असणार."

वन्सं उठल्या आणि पाणी भरून आणते म्हणाल्या. बाटली भरलेलीच होती.

नर्सने त्याच्या डाव्या दंडाला पट्टा बांधला, सुई टोचली. पिशवीत काळपट लाल रक्त सावकाश उतरू लागलं. बायको त्याच्याजवळ उभी राहिली आणि किती दिवसांनी तिने त्याच्या डोळ्यांत सरळ पाहिलं. तिथे राग नव्हता. नुसती वाट पाहणं होतं. त्याचे ओठ हलले, अडले, पुन्हा हलले. नवीन शब्द येत होता.

"भां... भांड," तो म्हणाला. "भांड ना."

तिला आधी कळेना. मग कळलं, आणि रडू व आवाज दोन्ही एकदमच फुटले. एवढी खाज सुटत होती तर डॉक्टरकडे जायला काय पाय दुखत होते? डोकं जड व्हायचं तर सांगता येत नव्हतं? सगळं आपलं भट्टीवर ढकलायचं! ती बोलत सुटली, डोळे पुसत बोलत सुटली. दाराशी पोचलेली नर्स मागे वळली आणि "जरा हळू बोला," म्हणाली.

त्याने नर्सला मान हलवून सांगितलं, "नको."