जास्वंदीखालच्या गोळ्या

आमच्या घरी देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय कुणाच्या तोंडात शीत जात नाही. मणीच्याही नाही. मणी म्हणजे आमचा कुत्रा. खरे तर कामाक्षीचा. कामाक्षी माझी बायको. ती लेकीच्या बाळंतपणासाठी कोइंबतूरला गेली आणि त्याच आठवड्यात मणीला गोचीडताप आला. जनावरांच्या डॉक्टर वर्षा यांनी पिवळ्या गोळ्या लिहून दिल्या. सकाळ-संध्याकाळ एकेक, पोटात अन्न गेल्यावरच, अठ्ठावीस दिवस. एकही चुकवायची नाही.

त्याच दिवशी आमच्या वीथीतल्या (गल्लीला आम्ही वीथी म्हणतो) राममंदिरात नऊ दिवसांची कथा बसली. बावीस वर्षे मी भागवतरांच्या, म्हणजे आमच्याकडच्या कथेकऱ्यांच्या, मागे उभा राहून टाळ धरतो. नोकरीत होतो तेव्हा ओरत्तनाडूच्या कचेरीतून चारची बस धरून यायचो, पण पहिले नाम चुकवले नाही. हरिकथा ऐकताना माझे डोळे भरून येतात, हे वीथीत सगळ्यांना ठाऊक आहे. मलाही ते ठाऊक होते, हीच अडचण.

पहिल्या संध्याकाळी मी स्नान करून सोवळे नेसलो, मणीला दहीभात घातला आणि त्याचा जबडा उघडायला बसलो. तापाने अर्धा झालेला जीव, पण दात असे आवळले की जणू देवळाचे दार. गोळी तीनदा बाहेर आली. चौथ्यांदा गेली, तेव्हा माझ्या सोवळ्यावर लाळ, दही आणि त्याचे केस. विहिरीवर पुन्हा स्नान, पुन्हा दुसरे सोवळे. मंदिरात पोहोचलो तो पहिले नाम होऊन गेलेले, आणि माझा टाळ शेजारच्या त्यागराजाच्या हातात.

"या मामा," तो हसत म्हणाला, "आज तुमच्याविनाच देव आला की!"

सगळे हसले. मीही हसलो. पण ते मला लागले.

दुसऱ्या दिवसापासून मी गोळी भातात कालवून, हात लांब करून, द्रोण मणीपुढे सरकवू लागलो. स्पर्श नाही, विटाळ नाही. तो खातो आहे हे पाहायचे, आणि निघायचे. निघताना कामाक्षीचा फोन यायचा.

"गेली का गोळी?"

"गेली."

तिसऱ्या दिवशी सकाळी केर काढताना द्रोण उचलला. चाटून लख्ख केलेला, आणि मधोमध पिवळी गोळी. एक शीतही तिला चिकटलेले नव्हते. मणी पलीकडे ओट्याशी पडून माझ्याकडे बघत होता.

आता ती गोळी त्याला द्यायची तर शिवायला हवे, शिवले तर स्नान हवे, आणि आत देवाची पूजा अर्धी राहिलेली. मी केरसुणीच्या टोकाने गोळी जास्वंदीच्या बुंध्याशी ढकलली आणि वर थोडी माती ओढली. हे एकदा केले की दुसऱ्यांदा सोपे जाते. संध्याकाळी फोनवर म्हणालो, गेली. गेलीच होती म्हणा, जास्वंदीखाली.

नवव्या, कथासमाप्तीच्या दिवशी, रामाच्या पट्टाभिषेकाच्या सकाळी, मणी उठला नाही. हाक मारली तर शेपटीचे टोक तेवढे हलले. ओठ उचलून पाहिले, हिरड्या पांढऱ्या पडलेल्या. त्याला जुन्या धोतरात गुंडाळले आणि ऑटोने दवाखान्यात नेले. तोवर स्नान झाले होते की नव्हते, आठवत नाही.

बाकावर मांजराची टोपली घेऊन लक्ष्मीप्रिया बसलेली. रोज कथेला पहिल्या रांगेत असते. "अय्यो मामा! आज पट्टाभिषेक आणि तुम्ही इथे?"

डॉक्टरांनी मणीला टेबलावर घेतले, डोळे पाहिले, ताप पाहिला. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"सर, आठ दिवस गोळ्या घेऊन असे होत नाही," त्या तमिळमध्ये म्हणाल्या. "गोळ्या पोटात जातात ना? नक्की?"

मी तोंड उघडण्याआधीच मागून लक्ष्मीप्रिया म्हणाली, "काय विचारता डॉक्टरअम्मा! मामा नऊ दिवस रामनामात आहेत. त्यांच्या तोंडून खोटे येईल?"

बाकावरचे चारजण माझ्याकडे वळले. मी मान हलवली.

"मग या गोळीचा गुण येत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "दुसरे इंजेक्शन द्यावे लागेल. कडक आहे. इतक्या अशक्त जनावराला सोसेलच असे नाही, पण आता इलाज नाही." त्यांनी कपाटातून बाटली काढली आणि सुई भरू लागल्या.

मणीने मान वळवली आणि हनुवटी माझ्या हातावर ठेवली. उजव्या हातावर, टाळाच्या. अंग चुलीसारखे तापलेले.

"थांबा," मी म्हणालो.

आवाज इतका बारीक आला की मलाच पुन्हा बोलावे लागले. "थांबा डॉक्टर. गोळ्या गेल्या नाहीत. पहिल्या दिवशीची एक गेली. बाकीच्या मी मातीत पुरल्या."

"का?"

काय सांगणार? सोवळे मोडेल म्हणून? टाळ दुसऱ्याच्या हातात जाईल म्हणून? दोन्ही सांगितले. टोपलीतले मांजर ओरडले. लक्ष्मीप्रियेने खाली वाकून त्याला उगाच थोपटले, माझ्याकडे पाहिले नाही. त्यागराज हसला त्यापेक्षा हे फार वाईट होते.

डॉक्टरांनी सुई बाजूला ठेवली. रागावल्या असत्या तर बरे वाटले असते. सलाईन लावून शांतपणे म्हणाल्या, "आजपासून पहिला दिवस धरा. चार दिवसांत ताप उतरला तर वाचला. गोळी जिभेच्या मुळाशी, खोल. मग तोंड मिटून गळा चोळायचा. गिळून नाक चाटले की समजायचे, गेली."

दुपारी घरी आणला. साडेपाचला दोन घास दहीभात बोटांनी भरवला आणि गोळी घेऊन त्याच्याशेजारी जमिनीवर बसलो. त्याने तोंड फिरवले. इतक्या दिवसांनी जवळ बसणाऱ्यावर त्याने का विश्वास ठेवावा?

फोन वाजला.

"गेली का गोळी?"

"कामाक्षी," मी म्हणालो, "पहिल्या दिवसानंतर एकही गेली नाही. मी तुला रोज खोटे सांगितले." आणि मग सगळे सांगितले, जास्वंदीसकट.

पलीकडे बाळ रडत होते.

"निघताना तो फाटकापर्यंत माझ्या मागे आला होता," ती म्हणाली. "मी त्यास सांगितले, जा रे, हे आहेत, हे बघतील."

मी मणीच्या डोक्यावरून हात फिरवला.

"फोन त्याच्या कानाशी धरा."

धरला. "मणी, राजा माझा, आ कर बघू," ती म्हणाली, नातवाला म्हणावे तशी. मणीचे कान उभे राहिले. तो तिला शोधत दाराकडे पाहू लागला, जबडा सैल पडला, आणि मी दोन बोटे मुळाशी घालून गोळी सोडली. तोंड मिटून गळा चोळत राहिलो. मनगटापर्यंत लाळ. मंदिराच्या कर्ण्यावर भागवतरांनी पहिले नाम घेतले, मागे टाळ वाजला. कुणीतरी वाजवत होते, चांगला वाजवत होते.

मणीने गिळले आणि नाक चाटले.

"गेली?" फोनमधून तिने विचारले.

लगेच होय म्हणवले नाही. मी त्याचे तोंड पुन्हा उघडले, जिभेखाली पाहिले, दोन्ही गालांच्या आतून बोट फिरवले. मग म्हणालो, "गेली."

चौथ्या दिवशी ताप उतरला. अठ्ठाविसाव्या दिवशी कामाक्षी परत आली, तेव्हा मणी फाटकाशी पळत गेला. दोनच गोळ्या राहिल्या होत्या. संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे भात कालवून बसलो, तर तिने हातातून गोळी घेतली.

"मी देतो की," मी म्हणालो.

"असू द्या," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "आज एकादशीचे भजन आहे ना? जा. उशीर होईल."